निव्वळ वजन

कळमन्याच्या धर्मकाट्यावर मी काचेमागे बसतो.
भरलेला ट्रक येतो, आकडा थरथरतो, थांबतो.
रिकामा होऊन परत येतो, पुन्हा थांबतो.
पंचवीस हजार चारशे ऐंशीतून
नऊ हजार तीनशे साठ गेले.
माझा हात कॅल्क्युलेटरकडे जाईपर्यंत
स्टुलावरून पारमी म्हणायची, सोळा हजार एकशे वीस,
आणि भिवापुरी मिरचीनं शिंकायची.
सहा वर्षांची होती. हमाल तिला बिस्किटं द्यायचे.

एकदा स्वतःच जाऊन काट्यावर उभी राहिली.
तीस, म्हणाला काटा.
"पण शाळेत तर मी अठ्ठावीस भरली."
म्हटलं, बाई, हा दहाच्या पटीत बोलतो,
याला इतकं बारीक कळत नाही.

आता अकराची आहे. टेबलावर अर्ज.
पुण्याकडची शाळा, गणितासाठी निवडलेली पोरं,
सहावीपासून वसतिगृह. शेवटची तारीख शुक्रवार.
रकाना सात :
पाल्यास गणिताची आवड कशी निर्माण झाली ते पालकांनी लिहावे.
काय लिहू? मिरचीनं?

सुषमा कूलरमध्ये पाणी ओतता ओतता म्हणते,
"वेणी घालता येत नाही तिला अजून.
झोपेत बरळते. तिथं कोण उठून पाहीन?"
साळा म्हणतो, पाठवून दे ना भाऊजी, नशीब काढीन पोरगी.
शेजारच्या मेश्रामबाई म्हणतात,
एवढ्याशा लेकराले काहून धाडून राहिले, बाप्पा?
मला सकाळी एकाचं पटतं, रात्री दुसऱ्याचं.
फी माफ आहे म्हणतात.
रेल्वेचं भाडं कोणी माफ करत नाही,
रिकाम्या ताटाचंही नाही.

आणि एक गोष्ट मी सुषमाला सांगितली नाही.
दहावीत मी बीजगणितातच राहिलो.
घरी निकाल सांगायला तीन दिवस लावले.
आता पारमीचा कागद हातात घेतला
की छाती भरून येते, ती तिच्यासाठी किती
आणि त्या तीन दिवसांसाठी किती,
मला वेगळं काढता येत नाही.
ट्रकचं बरं असतं.
त्याला रिकामा करून परत बोलावता येतो.

कामठी रोडवर गाडीमागे बसून ती मेट्रोचे खांब वाचते.
मूळ संख्या आली की माझ्या पाठीवर एक टिचकी.
"एक्क्याण्णव लबाड आहे, बाबा.
एकटी असल्यासारखी दिसते,
आत सात आणि तेरा लपून बसलेत."
मी मान डोलावतो. खड्डा चुकवतो.

परवा इंदोऱ्याच्या सिग्नलवर विचारलंच,
जायचं का तुला?
बराच वेळ टिचकी नाही, काही नाही.
मग म्हणाली, "तिथं माझ्याहून हुशार असतीन का कोणी?"
असतील, म्हटलं. पुष्कळ.
वाटलं, घाबरली.
"मग वर्गात मला कोणी म्हणणार नाही,
तू हात खाली ठेव म्हणून."
सिग्नल सुटला होता. मागचे हॉर्न वाजवत राहिले.
कोणी म्हणायचं तिला असं? कधीपासून?
मी विचारलं नाही. गाडी पुढे घेतली.

गुरुवारी रात्री अर्ज भरला.
रकाना सातमध्ये लिहिलं : माहीत नाही, अगोदरपासून होती.
पालकाचा व्यवसाय : वजन करणे.
सुषमा म्हणाली, अर्जच तर आहे,
अर्ज म्हणजे काही जाणं नाही होत.
मीही तेच म्हटलं. दोघांनी दोनदोनदा म्हटलं.

आज सकाळी आरशापुढे पारमी,
तीन पेडांत दहा बोटं अडकलेली,
भांग वाकडा, तोंडात रिबन.
सुषमा मागे उभी,
आपले दोन्ही हात
पाठीमागे घट्ट धरून.